डावी बाजू, मिलिमीटरमध्ये

११ जानेवारी

आजपासून लिहितोय. काल ओव्हनमध्ये प्लास्टिक किती सेकंद ठेवलं ते आज आठवेना. हिला विचारलं, तर म्हणाली, "मी काय घड्याळ आहे का?" तेव्हा वही. कारखान्याच्या तपासणी खात्यात अडतीस वर्षं काढली. तिथं नोंद नसली की तो नग बनलाच नाही असं धरायचे. घरीही आता तेच.

काम असं आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी मिळून दोन वर्षं एक विमान बांधतोय. रिमोटवर उडणारं, पंखांची लांबी दोन मीटर. सगळं झालंय. राहिली आहे ती चालकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच, जिला आम्ही कॅनपी म्हणतो. या मापाची विकत मिळत नाही, म्हणून घरीच करायची. दादा लाकडाचा साचा घडवणार, मी त्यावर प्लास्टिक ओढणार. क्लबचा विमानं उडवायचा दिवस ३० मार्च, म्हणजे वेळ भरपूर.

दादा आयुष्यभर ओतशाळेत लाकडी साचेच करत होता. त्याच्या हाताला तोड नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या हाताचं कौतुक कुणी केलेलं नाही. मला फक्त चुका सापडतात.

१४ जानेवारी

खोका तयार. वरच्या फळीला बारीक भोकं, बाजूला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. प्लास्टिकची शीट लाकडी चौकटीत चिमट्यांनी आवळायची आणि ओव्हनमध्ये ठेवायची. मऊ होऊन मधे झोळ पडला की बाहेर काढून साच्यावर दाबायची आणि क्लीनर सुरू करायचा. खालून हवा खेचली जाते आणि प्लास्टिक साच्याला चिकटून बसतं. सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा.

साचा अजून नाही म्हणून वाटी पालथी घालून करून बघितलं. पहिल्यांदा भोक पडलं. दुसऱ्यांदा वाटी आतच अडकली. ही म्हणाली, "ती माझी रोजची वाटी आहे. प्लास्टिकसकट परत केलीत तरी चालेल, पण परत करा."

२५ जानेवारी

दादाचा पहिला साचा आला. ओढला. ११० सेकंद, झोळ तीन बोटं. कॅनपी छान सुटली, पण लाकडाच्या रेघा प्लास्टिकवर जशाच्या तशा उठल्या. लाकूड मऊ होतं. शिवाय मधल्या रेषेपासून मापलं तर डावी बाजू अर्धा मिलिमीटर फुगीर.

दादाला रेघा दाखवल्या. "कठीण लाकूड घेतो," म्हणाला आणि साचा तिथंच कुऱ्हाडीनं फोडला. ही त्याच्या उस्तादाची शिस्त: नापास साचा फळीवर ठेवायचा नाही, कधीतरी कुणीतरी चुकून वापरतो. मीसुद्धा नापास कॅनपी पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. दोन मिनिटांत आकार सोडून सपाट झाली. सरावाला तीच शीट वापरीन.

अर्ध्या मिलिमीटरचं दादाला सांगितलं नाही. त्याच्या कामात अर्धा मिलिमीटर मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

२ फेब्रुवारी

रविवार. दादा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला. दादानं ताटातले अर्धे बटाटे तसेच ठेवले आणि वर विचारलं, "बटाटे संपले का?" हिनं ताट फिरवून दिलं, तर उरलेले खाल्ले. आम्ही हसलो. वयाबरोबर माणूस नाटकी होतो.

वहिनी निघताना दारात म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्याकडे जरा बघा हो." मी म्हटलं, "बघतोच आहे, मिलिमीटरमध्ये." त्या हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

दुसरा साचा. कठीण लाकूड, रेघा नाहीत. डावी बाजू दीड मिलिमीटर फुगीर.

आधी स्वतःवर संशय घ्यायचा, हा नियम. पाइप डाव्या बाजूला आहे, म्हणून ओढ कमीजास्त होत असेल. पाइप उजवीकडे लावला: दीडच. ओव्हन एका बाजूनं जास्त तापत असेल, म्हणून चौकट उलटी ठेवली: दीडच. शेवटी नुसता साचाच मापला. दीड.

म्हणजे दोष माझा नाही. खरं लिहायचं तर आज बरं वाटलं. दादाही चुकतो. साठी उलटून तीन वर्षं झाली तेव्हा कुठे हे बघायला मिळालं. संध्याकाळी दोन कप चहा घेतला.

१० फेब्रुवारी

दादाला सांगितलं. त्यानं साच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "सारखा आहे की." मी जाडी मोजायचा कॅलिपर पुढे केला. त्यानं आकडा बघितला, कॅलिपर झटकला, पुन्हा बघितला. मग कुऱ्हाड आणायला गेला. जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.

वहिनींनी त्याला चष्म्याच्या दुकानात नेऊन नवा चष्मा करून आणलाय. जुना बरा होता असं तो म्हणतो.

१६ फेब्रुवारी

क्लबच्या मैदानावर गेलो होतो. गाडी दादा चालवत होता. फाटकाच्या खांबाला डावा आरसा लागून तुटला. "खांब मधेच आला," म्हणाला. मी म्हटलं, "खांब पंचवीस वर्षं तिथंच आहे, तूच मधे आलास." मागे बसलेला क्लबचा सेक्रेटरी खो खो हसला.

दादानं त्याचं जुनं विमान उडवलं. डावीकडे गेलं, आणखी डावीकडे गेलं, आणि तो ते परत आणायचं विसरला. झाडांच्या पलीकडे पडलं. शोधायला दोन तास लागले, पंख मोडलेला. क्लबमध्ये कुजबुज झाली. त्याची दाढीही डाव्या गालावर वाढलेली होती. निवृत्तीनंतर माणसानं इतकं ढिलं पडू नये.

२४ फेब्रुवारी

तिसरा साचा. डावी बाजू तीन मिलिमीटर फुगीर. एवढंच नाही, डावीकडे कानशीच्या रेघा तशाच. पॉलिश कागद तिथं पोचलेलाच नाही. उजवी बाजू मात्र आरशासारखी. दादाची कामाची पद्धत मला पाठ आहे: ठोकळा एकदा शिकंज्यात आवळला, नाक पुढे, शेपूट पोटाकडे, की काम संपेपर्यंत सोडायचा नाही आणि फिरवायचा नाही. फिरवला की मधली रेषा हलते. दोन्ही हातांनी दोन्ही बाजू बरोबरच घडवायच्या. तेव्हा डावी बाजू विसरली असं होऊच शकत नाही. ती मुद्दाम सोडलेली आहे.

२५ फेब्रुवारी

भांडण झालं. मी साचा त्याच्यापुढे आदळला आणि म्हणालो, "इच्छा नसेल तर सरळ सांग. अर्धं काम करून मला कशाला तोंडघशी पाडतोस?"

"अर्धं कुठलं? पूर्ण आहे," म्हणाला. शांतपणे. नेहमी असंच असतं, आवाज फक्त माझाच चढतो.

"ह्या रेघा काय आहेत मग?"

"कुठल्या रेघा?"

साच्याकडे बघत, तोंडावर खोटं! मला हे सहन होत नाही. सबंध आयुष्य याच्या हाताची वाहवा ऐकली आणि मी मात्र चुका काढणारा, कुरकुऱ्या. आता चूक याची आहे तर हा ती बघायलाही तयार नाही. मी म्हणालो, "तुझ्या हातांत आता काही राहिलं नाही. कॅनपी मी एकटा करीन." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

तिसरी कॅनपी पण ओव्हनमध्ये सपाट केली.

३ मार्च

स्वतः साचा घडवतोय. डावी-उजवी दोन्ही चुकीच्या, पण सारख्याच चुकीच्या. ही म्हणाली, "छान बटाटा झालाय." दादाकडे गेलो नाही. त्याचाही फोन नाही. वहिनींचा आला होता, हिनं घेतला. काय बोलणं झालं विचारलं, तर "तुम्हाला काय त्याचं," म्हणाली.

९ मार्च

बारा दिवस झाले. पुठ्ठ्याचा फर्मा, ज्याला लावून आकार तपासायचा, तो दादाकडे राहिलाय. मग आज गेलोच. वहिनी बाजारात, दार उघडं. दादा मागच्या खोलीत कामाच्या टेबलापाशी, नवा ठोकळा आवळलेला. मी दारात उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही. खाकरलो. त्यानं वर बघितलं ते उजवीकडे, खिडकीकडे, आणि पुन्हा कामाला लागला. पाच मिनिटं तरी उभा होतो. एवढा राग धरून बसलाय! उजव्या हातानं कानस चालू, डावा हात टेबलावर नुसता ठेवलेला. लाकडाचा भुसा सगळा एकाच बाजूला पडत होता.

फर्मा न घेताच परत आलो. हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "बघ, माणूस समोर उभा असून ओळख दाखवत नाही." ही भांडी पुसत होती. थांबली आणि विचारलं, "समोर कुठे? तुम्ही कुठल्या बाजूला उभे होता?"

१० मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही. आता लिहितो.

दार त्याच्या डावीकडे आहे.

ही म्हणाली, "त्या दिवशीचे बटाटेही डावीकडचेच होते. मी ताट फिरवलं म्हणून दिसले. वहिनी महिनाभर सांगतायत. तुम्हाला सांगायला गेल्या तर तुम्ही विनोद केलात." मी ही वही उघडली. अर्धा, दीड, तीन. खांदा, आरसा, विमान, दाढी. सगळं डावं. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसकट.

माणसाचा हात चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. चूक एकाच दिशेनं वाढत गेली तर ती हाताची नसते, आत काहीतरी सरकलेलं असतं. हे मी नव्या पोरांना अडतीस वर्षं शिकवलं. कारखान्यात तिसऱ्या नगाची वाटच बघितली नसती, दुसऱ्यालाच मशीन बंद करायला लावलं असतं. भावाच्या बाबतीत मी चहा प्यायलो.

दादाकडे जाऊन आलो. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तर म्हणाला, "आलास का? किती दिवसांनी!" राग वगैरे काही नव्हताच. वहिनींना म्हटलं, उद्याच दाखवायचं. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "मला वाटलं तुम्ही आता येतच नाही," म्हणाल्या.

१२ मार्च

काल स्कॅन झाला, आज मेंदूच्या डॉक्टरांकडे. तरुण बाई आहेत, भराभर बोलणाऱ्या. दादाच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे. त्यांनी एक आडवी रेघ काढून दादाला म्हटलं, बरोबर मधोमध खूण करा. पट्टीशिवाय मिलिमीटर सांगणारा माणूस, त्यानं पार उजव्या टोकाजवळ खूण केली आणि "मधोमध" म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत. डावीकडे जग आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि येत नाही, हेही कळत नाही. खोटं बोलत नाहीत ते."

मग विचारलं, "हे कधीपासून? गाठ किती वेगानं वाढली ते मला ठरवायचंय." वहिनी म्हणाल्या, महिना, सव्वा महिना. दादा म्हणाला, "मला काहीही झालेलं नाही." साचे फोडलेले, कॅनप्या मी वितळवलेल्या. मी म्हणालो, "माझ्याकडे तारखा आहेत. मापांसकट." आणि पिशवीतून वही काढली.

"वाचा," डॉक्टर म्हणाल्या.

मी आकडे तेवढे वाचायला लागलो. २५ जानेवारी, अर्धा. ९ फेब्रुवारी, दीड. त्यांनी थांबवलं. "आकडे नकोत नुसते. वागण्यातलं जे जे लिहिलंय ते सगळं. तुम्हाला फालतू वाटलं तरी."

बटाटे वाचले. चौकट वाचली. आरसा, विमान, दाढी. दादा खुर्चीत मजेत ऐकत होता, जणू शेजाऱ्याची गोष्ट चालली आहे. नऊ फेब्रुवारीला मी मधली ओळ गाळली, तर म्हणाला, "मधलं काय गाळलंस? थांबलास तू. तू वाचताना थांबलास की काहीतरी लपवतोस, शाळेपासून."

"काही नाही."

"वाच रे. अख्खी नोकरी एक नोंद गाळली नाहीस आणि आता गाळतोस?"

वाचलं. दोष माझा नाही. आज बरं वाटलं. दादाही चुकतो. चहासकट. मग तोंडघशी, मग खोटं बोलतो, मग "तुझ्या हातांत आता काही राहिलं नाही." वहिनी जमिनीकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र लिहीत होत्या, त्यांना त्यात फक्त तारखा दिसत असाव्यात.

दादा म्हणाला, "दीड मिलिमीटर होता ना? मग बरोबरच लिहिलंस तू." त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना मी डॉक्टरांना एकट्यात गाठलं. विचारलं, "जानेवारीतच आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "अर्ध्या मिलिमीटरसाठी आला असता का तुम्ही?"

नाही. अर्ध्यासाठी नसतो आलो. दीडसाठी यायला हवं होतं. हे त्यांना सांगितलं नाही, इथं लिहून ठेवतो.

१७ मार्च

ऑपरेशन झालं. सहा तास चाळीस मिनिटं. गाठ बहुतेक सगळी निघाली, तपासणीचा अहवाल यायचाय. डॉक्टर म्हणाल्या, जीवाचा धोका टळलाय, पण डावी बाजू किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. वहिनींनी विचारलं, "म्हणजे मी डावीकडे बसले तर?" डॉक्टर म्हणाल्या, "तर त्यांच्या लेखी तुम्ही नाही."

१८ मार्च

शुद्धीवर आहे. बोलतोय, ओळखतोय. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या एका माणसानं रोज डावीकडेच बसायचं. डावीकडूनच बोलायचं, हाताला हात लावायचा, वळायला भाग पाडायचं. उजवीकडे गेलात तर ते कायमचे तिकडेच राहतील. वहिनी दोन मिनिटं डावीकडे बसल्या आणि उठल्या. "ते माझ्याकडे बघतच नाहीत हो, मला नाही जमणार," म्हणाल्या. म्हणून त्या उजवीकडे, मी डावीकडे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

१९ मार्च

मी डावीकडून हाक मारली. त्यानं उजवीकडे बघून वहिनींना उत्तर दिलं. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तसंच.

२० मार्च

वहिनींना विचारत होता, "हा आला नाही का? अजून रागावलाय का माझ्यावर?" मी हातभर अंतरावर होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. सांगितलं, "दादा, मी इथंच आहे." त्यानं खिडकीकडे बघून म्हटलं, "बघ, आवाज येतोय त्याचा. बाहेर उभा आहे. आत ये म्हणावं." वहिनी उठून व्हरांड्यात गेल्या.

२३ मार्च

क्लबचा सेक्रेटरी फळं घेऊन आला. विमानाचं विचारलं. मी म्हटलं, यंदा नाही. तो उजवीकडे बसून दादाशी अर्धा तास बोलला, दोघं हसले. मला त्याचा राग आला. उगाच.

अहवाल आला. गाठ वाईट जातीची नाही. जीव भांड्यात पडला. दादाला सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली, वहिनींकडे बघून.

२५ मार्च

आज नऊ ते सहा. काही फरक नाही. पाठ दुखते. नर्स म्हणाली, तुम्ही बाजू बदला, मान अवघडेल. मी म्हटलं, त्याची वळेपर्यंत माझी अवघडू दे.

२७ मार्च

सकाळपासून मी त्याला काहीबाही सांगत होतो. ओव्हनचं, वाटीचं, माझ्या बटाटा साच्याचं. वहिनी उजवीकडे पेपर वाचत होत्या. साडेतीनच्या सुमाराला तो हसला, मग हसता हसता काहीतरी शोधायला लागला. नजर पलंगाच्या मधोमध आली आणि अडकली. माझ्या हाताकडे बघत राहिला, बराच वेळ. मग कोपर, मग खांदा. मी बोलायचं थांबवलं नाही, काय बोलत होतो देव जाणे. मान हळूहळू वळली आणि त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अरे," म्हणाला, "किती वेळचा बसलायस तिथं?"

"हा काय," मी म्हटलं, "आत्ताच आलो."